रोजच्यासारखं काम

विमला धामापूरकर आपल्या गावाजवळच्या काजूच्या कारखान्यात कामाला आली ते साल एकसष्ट. चौतीस वर्षांची बाई, लग्न नाही, पायात चामड्याच्या चपला, खांद्याला कागदांची पिशवी आणि गळ्यात मंगळसूत्र असायचं तिथं काळ्या दोरीत अडकवलेलं घड्याळ. कळ दाबली की चालायचं, पुन्हा दाबली की थांबायचं. धामापूरपासून कट्ट्यापर्यंतच्या वाटेवर पुढचे दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

तिचं काम लोकांना समजावून सांगणं सोपं नव्हतं. मुंबईच्या ज्या गिरणीत ती होती तिथं एक खातंच होतं, माणसं काम कशी करतात ते पाहणारं. हात उगाच किती हलतो, कंबर कुठे वाकते, माणूस दमतो कधी आणि दमला की त्याच्या मनात काय येतं. विमलानं मानसशास्त्र घेऊन पदवी घेतलेली, वर या कामाचं रीतसर शिक्षण. खात्यात अकरा पुरुष आणि ही एक. त्या अकरा जणांनी तिला कधी वाईट वागवलं नाही, कारण त्यांनी तिला कसंच वागवलं नाही. दुपारी सगळे एका टेबलाशी जेवायचे आणि विमला आपला डबा खिडकीपाशी उघडायची. सूत गुंडाळणाऱ्या बायका दिवसभर उभ्या असत. त्यांना बसायला पाठ टेकता येईल अशी स्टुलं तिनं चार वर्षं भांडून मिळवून दिली. स्टुलं आली त्या दिवशी खात्याच्या साहेबांचा सत्कार झाला आणि विमलानं टाळ्या वाजवल्या.

काजूच्या कारखान्याच्या मालकानं, भिकाजीशेटनं, मुंबईला पत्र टाकून कुणी जाणता माणूस मागितला आणि खात्यात कुणी कोकणात यायला तयार होईना, तेव्हा हिनं हात वर केला. आईवडील जाऊन सात वर्षं झाली होती. धामापूरचं घर चुलतभावाकडं होतं. तरी आपला गाव तो आपला गाव, तिथं डबा खिडकीपाशी उघडावा लागणार नाही, असं तिला वाटलं. शहाण्या बाईलाही कधीकधी असं काहीतरी वाटतं.

पहिल्याच आठवड्यात चुलतभावाकडं गेली, तर भावजयीनं पाहुण्यांसाठी राखलेल्या कपातून चहा दिला आणि "ऱ्हवतलास किती दिवस?" असं दोनदा विचारलं. भगवतीच्या देवळात नारळ ठेवला, तळ्याच्या काठी थोडी बसली आणि परत आली. कारखान्याच्या आवारात तिला एक खोली दिली होती. त्या खोलीत ती स्वतःशीच मोठ्यानं बोलू लागली आहे हे तिच्या लक्षात यायला महिना लागला.

कारखाना म्हणजे एक लांब पडवी. भाजलेल्या काजूच्या बियांचे ढीग, ढिगाशी एकेक दगड, दगडाशी एकेक बाई. बी दगडावर उभी धरायची, लाकडाच्या दांडक्यानं बेताचा ठोका द्यायचा, टरफल फुटून गर अख्खा बाहेर आला पाहिजे. टरफलातला चीक हाताला लागला की कातडी जळते, म्हणून बोटांना राख चोळायची. अशा पंचेचाळीस बायका. विमलाला त्यांच्यासाठी एकच आकडा काढायचा होता : एका बाईनं दिवसाला किती पौंड गर काढायचा. तो आकडा भिकाजीशेट भिंतीवर रंगवणार होते, आणि सलग तीन आठवडे जी तो गाठणार नाही तिला घरी बसावं लागणार होतं. पंचेचाळीस घरांची चूल त्या एका आकड्यावर.

आकडा आपणच काढतोय हे बरं, असं विमलाला वाटे. दुसरा कुणी आला असता तर त्यानं हात मोजले असते, बोटं पाहिली नसती.

तिनं बोटं पाहिली. राखेसोबत खोबरेल द्यायला लावलं, राखेची वाटी डावीकडची उजवीकडं घेतली, बूड टेकायला चार बोटं उंचीचे पाट करून घेतले आणि सकाळ-दुपार दहा-दहा मिनिटांची सुट्टी, घंटा देऊन. भिकाजीशेट कुरकुरले, पण कबूल झाले. मग बारा दिवस ती पडवीच्या टोकाला स्टूल टाकून बसली आणि मोजत राहिली.

ती आत आली की पडवी गप्प होई. आवारातून येताना तिला आतला कलकलाट ऐकू यायचा, हसणं, कुणाची तरी नक्कल, आणि उंबऱ्यावर पाऊल पडलं की फक्त दांडक्यांचे ठोके. गिरणीतही असंच होई, तिला सवय होती. तिच्या आईबरोबर शेतात लावणी केलेली काशीबाई पहिल्याच दगडाशी बसायची, तीसुद्धा मान वर करत नसे. विमलानं एकदा म्हटलंही, "काशीबाई, बऱ्या आहात ना?" त्यावर काशीबाई म्हणाली, "बरी आसंय बाय, तू तुझा काम कर," आणि पुढची बी दगडावर धरली. विमलाचा चेहरा उतरला. आपण आता यांच्यातल्या राहिलो नाही, असं तिनं मनाशी धरून ठेवलं.

बारा दिवसांची सरासरी आली तेरा पौंड. कारखान्याच्या जुन्या वहीत दहाचा आकडा होता, पण तो पाट, तेल आणि सुट्टी यांच्या आधीचा. आणि इथं एक शिकलेली गोष्ट आड आली. घड्याळ समोर दिसलं की कामगार हात राखतो, हे या विद्येतलं अगदी पहिलं वाक्य. सगळीकडं राखतो, कारण आज जोर दाखवला तर उद्या तोच जोर मागितला जातो हे त्याला कळतं. गिरणीतल्या एका विणकरानं विमलासमोर एक तुटका धागा जोडायला पाऊण तास लावला होता. तेव्हा जे मोजमाप येईल त्यात थोडी भर घालायची, ही रीत. विमलानं कमीत कमी भर घातली, दोन पौंड. भिंतीवर पंधराचा आकडा रंगवला गेला. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी धामापूर पाहिलं नव्हतं, त्याला ते तरी काय करणार.

त्यानंतर ती सात आठवडे बांद्याकडच्या एका कारखान्यात असंच काम करायला गेली. परत आली ती सरळ पडवीकडं. सुट्टीची घंटा नुकतीच झाली होती आणि आवारात चिटपाखरू नव्हतं. आपण घातलेली सुट्टी कुणी बंद केली की काय म्हणून ती तणतणत आत गेली. सुट्टी चालूच होती. उठत कुणी नव्हतं. घंटा होऊनही सगळ्या दांडकी चालवत होत्या. मथुरा नावाची एक तरणी बाई, तिच्या दोन बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या आणि चिंध्यांवर पिवळा डाग. पाण्याची घागर सकाळी भरली तशीच भरलेली, कारण पाणी प्यायलं तर उठावं लागतं. पहिल्या दगडाशी कुणीच नव्हतं.

"काशीबाई कुठाय?" विमलानं विचारलं.

"घराक," सावित्री म्हणाली. ती काशीबाईच्या शेजारची. तिनंही मान वर केली नाही.

काशीबाई घराच्या पायरीवर बसून सुपात मूठभर तांदूळ निवडत होती. विमलाला पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं.

"कोण गो, विमल? ये गो बाय. भायर कित्याक उबी?"

"काशीबाई, तुम्हांला काढलं?"

"काढतले कित्याक? मीच पुरलंय नाय. दोन आठवडे बारार पोचलंय, तिसऱ्याक अकरा. मगे शेट म्हणालो, घरा बस." तिच्या आवाजात कुणावरच राग नव्हता, आणि तेच विमलाला सोसेना.

"मग मी मोजत होते तेव्हा? तेव्हा तुमचे एकटीचे चौदा होते. मी माझ्या हातानं लिहिलेत."

काशीबाई हसली. "तेव्हा तू थंय बसलेलंस मां!"

"म्हणजे?"

"अगो, तू आमच्या गावचा चेडू, आमचाच पोर. मुंबैत शिकलंस, इतक्या वर्सांनी घराक इलंस, तुझ्या हातात ता घड्याळ. शेट बघता, कारकून बघता. आमी हात आवरून धरलाव असतो तर लोक काय म्हणतले? धामापूरच्या चेडवान मोजल्यान आणि काय निघूक नाय. मीच सगळ्यांका सांगलंय, बोला नको, वर बघा नको, हात उचला. चेडवाचा नाव रवाक होया." ती थांबली. "बारा दिवस गो. सांजच्याक घराक येवन हातान भात कालवूक गावा नाय. तरी काढलाव."

विमलानं गळ्यातलं घड्याळ मुठीत धरलं.

"तुझी आवस आज असती तर तिणा तुझी ओटी भरली असती," काशीबाई आपल्याच नादात बोलत राहिली. "आता आवस नाय, लगीन नाय. तुझी ओटी कोण भरतला? आमी म्हटला, आमच्याकडे काय आसा? हातच आसत. तेंनी भरूया."

"मी त्यावर दोन पौंड चढवले, काशीबाई. मला वाटलं, तुम्ही हात राखताय."

काशीबाईला ते नीट उमगलं नाही. तिनं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "आपल्याच माणसाक असा कोण करता?"

"मग इतके दिवस कुणी सांगितलं कसं नाही? पत्र टाकायचं, निरोप धाडायचा..."

"तुझो आकडो आमी खोटो पाडूचो? तो तुझो आकडो मां?"

विमला तिथं रडली नाही. उठली, वाटेला लागली, आणि काजूच्या झाडांत आडोसा मिळाल्यावर खाली बसून रडली. तिच्या उभ्या आयुष्यात कुणी तिच्यासाठी म्हणून काही केलं असेल तर ते या पंचेचाळीस बायकांनी, आणि तिनं ते नेमकं उलट वाचलं होतं. खिडकीपाशी बसून डबा खायची इतकी सवय झाली होती की कुणी पान वाढलं तरी ओळखू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिकाजीशेटसमोर उभी राहिली.

"आकडा चुकलाय. मला चार-पाच दिवस द्या, नव्यानं मोजते."

भिकाजीशेट वाईट माणूस नव्हता, व्यापारी होता. "चुकला कसा बाई? बहुतेक जणी भरतायत पंधरा."

"घागरीतलं पाणी बघा. मथुराची बोटं बघा. आणखी दोन महिन्यांत निम्म्या जणी उरणार नाहीत, आणि चिंध्या बांधलेल्या हातानं गर अख्खा निघत नाही."

ही शेवटची गोष्ट शेटला कळली. तुकडा गर वाढत चालला होता हे त्याला ठाऊक होतं. "ठीक. पण मुंबईच्या खात्यानं काढलेला आकडा मी माझ्या मनानं पुसणार नाही. चूक तुमची असेल तर तुम्ही लिहून द्या, मी ते मुंबईला धाडतो. मग जो नवा आकडा येईल तो भिंतीवर रंगवीन आणि काढलेल्या बायका परत बोलावीन. माझा शब्द."

तिनं तिथंच बसून लिहून दिलं. 'मोजणीतील चूक सर्वस्वी माझी आहे. कामगारांचा वेग मी ओळखू शकले नाही.' खाली सही. शेटनं लगेच भिंतीवरच्या पंधरावर चुना फिरवायला लावला. ते पत्र टेबलावर पसरून अकरा जण चहा पिताना काय बोलतील हे तिला न जाता ऐकू येत होतं. बाईमाणसाला कशाला पाठवायचं, हे कोण म्हणेल तेसुद्धा तिला माहीत होतं. गिरणीतली नोकरी त्या पत्राबरोबर संपली, हे तिनं पाकिटाला गोंद लावतानाच ओळखलं.

पण मोजणार कसं? ती पडवीत गेली आणि सरळच सांगितलं, "काशीबाईनं मला सगळं सांगितलंय. तुमचे उपकार मी विसरणार नाही. आता माझ्यासाठी काही करू नका. रोजच्यासारखं काम करा."

"रोजच्यासारखा म्हणजे कसा गो?" सावित्रीनं अगदी मनापासून विचारलं.

"म्हणजे सावकाश. मी इथं नाही असं समजून."

झालं. पंचेचाळिसातल्या उरलेल्या एकोणचाळीस जणींनी दांडकी अशी उचलली की जणू ती पाण्यात बुडालेली आहेत. एक बी, मग निवांत श्वास, मग दुसरी बी. मथुरा तर फोडलेला गर उजेडाकडं धरून बघायला लागली. विमला म्हणाली, अगं इतकं नको. तर दांडकी भराभरा चालू झाली. ती जरा खाकरली तरी वेग बदलायचा. दीड दिवस हा खेळ झाला. जो आकडा यायचा तो तिच्या तोंडाकडं बघून यायचा. आपण ज्या पडवीत असू त्या पडवीत खरा आकडा निघणारच नाही, हे दुसऱ्या दिवशी दुपारी तिला कळलं आणि तिनं कागद गोळा केले.

त्याच दिवशी तिनं सगळ्यांचा निरोप घेतला. मला मुंबईला परत बोलावलंय, म्हणाली. आनंदी नावाच्या एकीनं तिला कुंकू लावलं, मथुरानं चिंध्यांच्या हातानं पदरात दोन नारळ घातले, तांदूळ कुणीतरी मुठीत धरून ठेवलेले होतेच. ओटी अशी उभ्याउभ्या भरली गेली. बायका रस्त्यापर्यंत आल्या. मालवणच्या गाडीवर ट्रंक चढवलेली सगळ्यांनी पाहिली. पुढच्या फाट्यावर विमला उतरली, ट्रंक तिथल्या दुकानात ठेवली आणि काजूच्या बागेतून चालत मागल्या अंगानं परत आली. गणपत कारकुनानं कुणाला न सांगता तिला बियांचं कोठार उघडून दिलं. कोठार आणि पडवी यांच्यामध्ये फक्त बांबूची तट्टी होती. तट्टीच्या फटीतून हात दिसत, तोंडं दिसत नसत.

पोत्यावर बसून, घड्याळ मांडीवर ठेवून ती सकाळची वाट बघू लागली.

पहिल्या दिवशी काम धड झालंच नाही. "गेली गो," सावित्री म्हणाली, आणि तिथून सुरुवात झाली. जेवून गेली असेल का. मुंबईत कुणाकडे राहते. एकटीच राहते म्हणतात. एवढी शिकली पण अंगावर धड लुगडं नाही. तिची आई कशी होती, ती कशी गात लावणी करायची. मथुरा नाक ओढत होती. दांडकी मधेच थांबत, कुणाला तरी सांगावं लागे की चला, हात चालवा. तट्टीपलीकडं विमला पदर तोंडावर दाबून बसली होती. तिच्याबद्दल इतकं बोललेलं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. हा दिवस मोजण्यात अर्थ नव्हता. दुःखातलं काम म्हणजे रोजचं काम नव्हे. तिनं कागदावर रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी तिचं नाव तीनदा निघालं. सकाळी एकदा, घंटेला एकदा, आणि दुपारी कुणीतरी तिच्या चालण्याची नक्कल केली तेव्हा. पडवी खदखदून हसली. विमलालाही हसू आलं, ते तिनं गिळलं. हातांना थोडा वेग आला होता, पण आज सावित्री पहिल्या दगडाकडं बघून सारखी गप्प होत होती. तिनं पुन्हा रेघ मारली. गणपतनं आणून दिलेले पोहे खाल्ले. उद्या संध्याकाळी मुदत संपत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोलणं निघालं ते मथुराच्या दिराच्या लग्नाचं. मग कुणाची म्हैस आटली. मग बांगडा काय भावानं मिळाला आणि विकणारीनं कसं फसवलं. एक उठली, पाणी प्यायली, दुसरीच्या डोक्यात टपली मारून जागेवर बसली. सुट्टीची घंटा झाली तेव्हा बऱ्याच जणी आपसूक उठून उन्हात गेल्या. परत आल्या, बोटांना राख लावली. दांडकी आपल्या लयीत पडत होती, ना घाई ना ढिलाई, मधे हसण्याला जागा ठेवून.

विमला कान देऊन बसली होती. सकाळपासून तिचं नाव निघालं नव्हतं. हाच तो दिवस, हे तिला कळत होतं. भिंतीवरचा आकडा यातूनच यायचा होता, काशीबाई यातूनच परत दगडाशी बसायची होती. एकदा हा आकडा हाती आला की तिनं पुन्हा या पडवीत पाऊल टाकायचं नव्हतं. ती दिसली की हात पुन्हा तिच्यासाठी उठले असते, आणि आकडा पुन्हा खोटा झाला असता.

तरी ती आणखी अर्धा तास थांबली. खात्री करून घ्यायला, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर कुणीतरी एकदा तरी म्हणेल, विमल आता पोचली असेल, म्हणून ती थांबली होती.

कुणी म्हणालं नाही. मग तिनं पेन्सिल घेतली आणि मोजायला सुरुवात केली.